पहिलें वर्ष : क्रम आणि कालमान

आपल्या एकत्र कुटुंबांत मूल जन्मास आलें म्हणजे त्याच्या पाठोपाठ तुलनाहि जन्मास येते. थोरल्या सुनेचा मुलगा पांचव्या महिन्यांत पालथा पडला होता, धाकटीचा अजून उताणाच आहे. नणंदेच्या मुलीला सातव्या महिन्यांत दांत आले, हिच्या हिरड्या अजून कोऱ्याच आहेत. अशीं वाक्यें स्वयंपाकघरांत आणि ओसरीवर दिवसांतून किती वेळां उच्चारलीं जातात याची मोजदाद कोणी ठेवीत नाहीं. बोलणाऱ्याच्या मनांत बहुधा वाईट कांहीं नसतें. परंतु ऐकणारी जी आई, ती रात्रीं मुलाला थोपटतांना तींच वाक्यें मनांत पुन्हां पुन्हां घोळवीत बसते, हें फारच थोड्यांच्या ध्यानांत येतें.

एका वाचक भगिनीचें पत्र गेल्या महिन्यांत आमच्याकडे आलें. तिचें नांवगांव सांगण्याचें कारण नाहीं. तिची मुलगी दहा महिन्यांची आहे. ती उत्तम बसते, हांक मारली कीं वळून पाहते, वाटी या हातांतून त्या हातांत घेते, आधार धरून उभीहि राहते; परंतु रांगत नाहीं. बसल्या बसल्याच घसरत घसरत पुढें सरकते. वडीलधाऱ्यांचें म्हणणें असें कीं, जें मूल रांगत नाहीं त्याचे पाय अधू राहतात. जाऊबाईंचा मुलगा याच वयांत पाऊल टाकूं लागला होता, हें तिला दिवसांतून दोनदां ऐकावें लागतें. आणि गरोदरपणीं हिनें नीट खाल्लें नाहीं, असा निकालहि परस्पर लागून गेला आहे. पत्राच्या शेवटीं तिनें एवढेंच विचारलें आहे कीं, "माझ्याकडून कांहीं चुकलें काय?"

या भगिनीस आमचें उत्तर "नाहीं" असें आहे. परंतु नुसत्या एका शब्दानें घरांतील मंडळींचें समाधान होणार नाहीं; म्हणून या महिन्यांत मुलाच्या पहिल्या वर्षाविषयीं थोडें विस्तारानें लिहावें असें योजिलें आहे. आमच्या लिहिण्याचा मथितार्थ असा : मुलाच्या वाढीचा क्रम बहुतांशीं ठरलेला असतो, तारीख मात्र ठरलेली नसते. हे दोन विषय निरनिराळे न ठेवल्यामुळें आपल्या घरांतून दोन प्रकारचे अनर्थ होतात. तारीख थोडी पुढें गेली कीं विनाकारण काळजी व दोषारोप सुरू होतात, हा पहिला. आणि क्रमांतच खरोखर कांहीं अडलें असेल तर "आमच्या घराण्यांत असेंच असतें" असें म्हणून तिकडे डोळेझांक होते, हा दुसरा. पहिल्यानें आईचें मन पोळतें. दुसऱ्यानें मुलाचें आयुष्य अडतें.

प्रथम वजनाचा विचार करूं, कारण तुलनेची सुरुवात तेथूनच होते. जागतिक आरोग्य संघटनेनें १९९७ ते २००३ या काळांत ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या ६ देशांतील मुलांच्या वाढीची पाहणी केली आणि २००६ सालीं तिच्यावरून काढलेलीं प्रमाणें प्रसिद्ध केलीं. आपल्या देशांतील मुलें दक्षिण दिल्लींतील होतीं. या प्रमाणांप्रमाणें मुलग्याचें मध्यम वजन जन्मतः ३.३ किलो, तिसऱ्या महिन्याअखेर ६.४, सहाव्याअखेर ७.९, नवव्याअखेर ८.९ आणि वर्षाअखेर ९.६ किलो असतें. मुलीचें जन्मतः ३.२ आणि वर्षाअखेर ८.९ किलो असतें. जन्मतः सुमारें ५० सेंटिमीटर असलेली लांबी वर्षांत ७५ सेंटिमीटरांच्या आसपास जाते.

वाचकांनीं या आंकड्यांत एक गोष्ट बारकाईनें पाहावी. पहिल्या तीन महिन्यांत ३.१ किलो वाढलेलें मूल शेवटच्या तीन महिन्यांत अवघें ०.७ किलो वाढतें. ही मंदगति रोगाची नव्हे, निसर्गाची आहे. परंतु घरांत काय होतें? चौथ्या-पांचव्या महिन्यांत वजनाचा वेग उतरला कीं "सूनबाईंचें दूध आटलें" असा निष्कर्ष निघतो, आणि चांगलें अंगावर पिणाऱ्या मुलाच्या तोंडीं बाटली जाते. तीच गोष्ट पहिल्या आठवड्याची. जन्मानंतरच्या कांहीं दिवसांत मुलाचें वजन दहाव्या हिश्श्यापर्यंत उतरूं शकतें व साधारण दोन आठवड्यांत तें भरून येतें. हें ठाऊक नसलेल्या घरांत बाळंतिणीला पहिल्याच आठवड्यांत अपराधी ठरविलें जातें.

शिवाय सगळीं मुलें एकाच वजनाचीं जन्मत नाहींत. अडीच किलोंहून कमी वजनाच्या मुलाला विशेष जपावें लागतें हें खरें. पण त्यावरच्या सर्व मुलांच्या बाबतींत महत्त्व आजच्या आंकड्याला नसून रेषेच्या दिशेला असतें. अंगणवाडींत किंवा दवाखान्यांत जें माता-बाल संरक्षण कार्ड मिळतें त्यांत वाढीचा आलेख असतो. मुलाची रेषा आपल्या वाटेनें वर जात असेल तर शेजारच्या मुलाची रेषा तिच्या वर आहे कीं खालीं, हा प्रश्नच निरर्थक होय. रेषा मात्र आडवी झाली किंवा खालीं वळली, तर त्याच आठवड्यांत डॉक्टरांकडे जावें.

आतां हालचालींकडे वळूं. वाढ डोक्याकडून पायांकडे उतरत जाते. प्रथम मान सांवरते, साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यांत. मग खांदे व पाठ, म्हणून मूल कुशीवर वळतें, पालथें पडतें. मग कंबर, म्हणून तें बसतें. आणि सर्वांच्या शेवटीं पाय. मान न धरतां कोणतेंहि मूल बसत नाहीं आणि उभें राहिल्यावांचून चालत नाहीं. हा झाला क्रम.

कालमानाचें काय? वर सांगितलेल्या पाहणींतच ५ देशांतील ८१६ निरोगी मुलांच्या हालचालींची नोंद ठेवलेली आहे. आधारावांचून बसण्याचें वय ३.८ पासून ९.२ महिन्यांपर्यंत कोठेंहि असूं शकतें. हातांगुडघ्यांवर रांगणें ५.२ ते १३.५ महिने, आधारावांचून उभें राहणें ६.९ ते १६.९ महिने, आणि स्वतंत्र चालणें ८.२ ते १७.६ महिने. म्हणजे एकाच वाड्यांत दोन चुलत भावंडें असावीं, एकानें नवव्या महिन्यांत चालावें आणि दुसऱ्यानें सतराव्यांत, आणि दोघेंहि सारखींच निरोगी असावीं, हें पूर्णपणें शक्य आहे. आम्ही छत्तीस वर्षें शाळेंत शिकविलें. लवकर चाललेलीं आणि उशिरां चाललेलीं मुलें आमच्या वर्गांत शेजारीं शेजारीं बसलीं असलींच पाहिजेत. पण कोण कोणतें, हें ओळखण्याचा प्रसंग आम्हांस कधींहि आला नाहीं.

आणि आमच्या पत्रलेखिकेच्या मुलीविषयीं : त्याच पाहणींत १०० पैकीं ४.३ मुलें हातांगुडघ्यांवर रांगलींच नाहींत. सुमारें ९० टक्के मुलांनीं बाकीचे ५ टप्पे एकाच क्रमानें ओलांडले. वगळला गेला तो बहुधा रांगण्याचाच टप्पा. कोणी पोटावर सरपटतें, कोणी बसून सरकतें, कोणी एकदम उठून उभेंच राहतें. दहा महिन्यांची मुलगी बसत असेल, आधारानें उभी राहत असेल, दोन्ही हात सारखे वापरीत असेल आणि हांकेला वळत असेल, तर तिच्या पायांत अधूपण शोधण्याचें कारण नाहीं. पुढच्या तपासणीच्या वेळीं डॉक्टरांच्या कानीं गोष्ट घालावी, म्हणजे झालें.

येथें घाईच्या एका साधनाविषयीं दोन शब्द. आपल्या जुन्या घरांत पांगुळगाडा असे. उभें राहूं लागलेलें मूल तो धरून स्वतःच्या पायांनीं ढकलीत पुढें जाई. आतां बाजारांत ज्यांत मुलाला बसवितात असा चाकांचा वॉकर मिळतो. त्यांत मूल लोंबकळतें आणि टांचा न टेकतां बोटांनीं जमीन ढकलतें. यानें मूल लवकर चालत नाहीं. उलट क्षणांत जिन्यापाशीं किंवा चुलीपाशीं मात्र पोंचतें. कॅनडा देशानें २००४ सालीं या वस्तूच्या विक्रीस बंदीच केली. सतरंजी अंथरलेली जमीन, जवळ बसलेलें माणूस आणि हाताच्या अंतरावर ठेवलेली एखादी वाटी, यांहून चांगलें साधन आम्हांस माहीत नाहीं.

हातापायांबरोबर मनहि वाढत असतें, आणि त्याचीं चिन्हें समजलीं नाहींत तर तींहि अवगुण वाटूं लागतात. नवजात मुलाला वीस-तीस सेंटिमीटरांवरचें स्पष्ट दिसतें. म्हणजे दूध पितांना आईच्या मुखाचें जेवढें अंतर, तेवढें. सहाव्या आठवड्याच्या सुमारास तें त्या मुखाकडे पाहून हंसतें. आठव्या-नवव्या महिन्यांत एक नवल घडतें. तोंवर सर्वांकडे जाणारें मूल परक्याला पाहून आक्रोश करूं लागतें. कधीं नव्हे ते घरीं आलेले काका हात पुढें करतात, मूल आईच्या पदराला घट्ट धरतें, आणि "हिनें मुलाला फार अंगावर लावून ठेवलें आहे" असा ठपका येतो. वस्तुतः हें बुद्धीच्या वाढीचें लक्षण आहे. आपलें कोण आणि परकें कोण, हा भेद मुलाला आतां कळूं लागला. याच सुमारास फडक्याखालीं लपविलेली वस्तु तें शोधूं लागतें. दृष्टीआड झालेली वस्तु नाहींशी होत नाहीं हें ज्ञान मुलाला जन्मतः पूर्णपणें नसून हळूहळू येतें, हें झ्याँ पियाजे या स्विस पंडितानें स्वतःच्या तीन मुलांचें निरीक्षण करून मांडलें. आपला बुवा-कुकचा खेळ मुलाला याच वयांत अतिशय आवडतो, तो यामुळेंच. आई दिसेनाशी होते, पण ती आहे, आणि ती परत येते.

सर्वांत अधिक गैरसमज वाणीविषयीं आहे. मूल वर्षाच्या सुमारास पहिला शब्द उच्चारतें, म्हणून भाषेचें शिक्षण तेव्हां सुरू होतें असें आपण मानतों. तें खरें नव्हे. १९८४ सालीं जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या कॅनडांतील संशोधकांनीं इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील मुलांना हिंदींतील दंत्य "त" आणि मूर्धन्य "ट" ऐकविले. इंग्रजी भाषेंत हा भेद नाहीं. सहा ते आठ महिन्यांचीं मुलें तो भेद ओळखीत; परंतु दहा ते बारा महिन्यांचीं बहुतेक मुलें तो ओळखूं शकलीं नाहींत. जे वर्ण घरांत ऐकूं येत नाहींत त्यांकडील लक्ष तोंवर सुटलें होतें. दंत्य आणि मूर्धन्य यांचा भेद शिकविण्यांत आमचा जन्म गेला. आणि पाळण्यांतलें मूल तो कोणी न शिकवितां, केवळ घरचें बोलणें ऐकून, पहिल्याच वर्षांत पक्का करून ठेवतें, हें वाचून आम्हांस मोठें कौतुक वाटलें.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली ही कीं, मुलाशीं पहिल्या दिवसापासून बोलावें. आणि बोलणारें माणूस प्रत्यक्ष समोर असावें. पॅट्रिशिया कूल या अमेरिकन विदुषीनें २००३ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत नऊ महिन्यांचीं अमेरिकन मुलें चिनी भाषेचे वर्ण समोर बसलेल्या माणसाकडून शिकलीं. तेंच बोलणें चित्रफितींतून ऐकविलें तेव्हां शिकलीं नाहींत. मोबाईल हातीं देऊन मुलाला गप्प बसविणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. एक वर्षाच्या आंतील मुलाला पडद्यासमोर बसवूंच नये, असें जागतिक आरोग्य संघटनेनेंहि २०१९ सालीं सांगितलें आहे. एकत्र कुटुंबाचें खरें धन येथें आहे. आजीची अंगाई, आजोबांचें स्तोत्रपठण, आत्याच्या गप्पा, एवढे जिवंत आवाज ज्या मुलाच्या कानांवर पडतात तें भाग्यवान होय.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. वाणीचें मूळ कानांत आहे. आणि बहिरें मूलहि पहिल्या कांहीं महिन्यांत हुंकार देतें, हंसतें, रडतें. म्हणून घर फसतें. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत मुलगा दोन वर्षांचा झाला तरी बोलेना. आईनें तो एक वर्षाचा असल्यापासून शंका काढली होती. "याचे आजोबाहि तीन वर्षांनीं बोलले, आणि पुढें वकील झाले," असें सांगून तिला गप्प केलें गेलें. अडीच वर्षें उलटल्यावर मुलाला ऐकूं येत नाहीं हें निष्पन्न झालें. आज त्याच्या कानाला यंत्र आहे, तो शिकतोहि आहे. परंतु ज्या वयांत "त" आणि "ट" आपोआप मनांत ठसतात तें वय शांततेंत निघून गेलें. त्या माउलीला मात्र शेवटपर्यंत कोणी म्हटलें नाहीं कीं, "तुझें खरें होतें."

म्हणून आमची विनंती आहे कीं, प्रसूतीनंतर घरीं येण्यापूर्वीं मुलाच्या कानांची तपासणी करून घ्यावी. ती कांहीं मिनिटांची असते व तिच्यांत मुलाला वेदना होत नाहींत. वैद्यकशास्त्राचा दंडक असा आहे कीं, पहिल्या महिन्याच्या आंत तपासणी, तिसऱ्याच्या आंत निदान आणि सहाव्याच्या आंत उपाय.

दिवस पूर्ण होण्यापूर्वीं जन्मलेल्या मुलाचा हिशेब वेगळा करावा. गर्भवास ४० आठवड्यांचा धरतात. जें मूल ३२ व्या आठवड्यांत जन्मलें, त्याच्या वयांतून ८ आठवडे वजा करून मग त्याचे टप्पे पाहावे. चार महिन्यांचें असें मूल दोन महिन्यांच्या मुलासारखें वागत असेल, तर तें मागें नाहीं. तें आपल्या वेळेवर आहे.

आतां थांबूं नये अशीं चिन्हें सांगतों. तिसरा महिना संपला तरी मूल माणसाकडे पाहून हंसत नाहीं. पांचव्या महिन्यांतहि मान सांवरत नाहीं. मोठ्या आवाजानें दचकत नाहीं. नऊ महिने उलटून गेले तरी बसत नाहीं किंवा "बाबा", "दादा" असे जोडवर्ण उच्चारीत नाहीं. वर्षाचें झालें तरी नांवानें हांक मारली असतां वळत नाहीं. अंग फार ताठ किंवा फार ढिलें लागतें. वर्षाच्या आंतच एक हात सोडून दुसराच वापरतें. अथवा एकदां आलेली गोष्ट विसरून जातें. यांतील एकहि दिसल्यास घराण्याची परंपरा आठवीत न बसतां डॉक्टरांकडे जावें. यांपैकीं पुष्कळ मुलें निरोगीच ठरतील. पण जें एखादें ठरणार नाहीं, त्याचे वांचलेले महिने मोलाचे असतात.

कोणी म्हणेल कीं, आपल्या पूर्वजांनीं हें सर्व मोजलें नव्हतें. मोजलें होतें, परंतु अशा सुज्ञपणें कीं त्यांत स्पर्धा नव्हती. गृह्यसूत्रांत निष्क्रमण चौथ्या महिन्यांत आणि अन्नप्राशन सहाव्या महिन्यांत सांगितलें आहे. मान सांवरल्यावर बाहेर, आणि बसण्याच्या सुमारास अन्न, असा तो क्रम आजच्या शास्त्राशीं जुळतो. सहा महिने केवळ आईचें दूध आणि मग दुधाबरोबर अन्न, हेंच आज डॉक्टरहि सांगतात. उष्टावण झाल्यावर मात्र वरणाच्या नुसत्या पाण्यावर मुलाला ठेवूं नये. चमच्यावरून ओघळणार नाहीं असा मऊ वरणभात, वर तूप, असें द्यावें. जुन्यांतील एक गोष्ट मात्र सोडावयास हवी. मध चाटविण्याची चाल आपल्याकडे जातकर्मापासून आहे. परंतु मधांतील जंतूंच्या बीजांमुळें लहान मुलाला पक्षाघातासारखा भयंकर रोग होऊं शकतो, हें आतां सिद्ध झालें आहे. वर्ष पूर्ण होईपर्यंत मध देऊं नये.

शेवटीं घरांतील वडील मंडळींना एक काम सुचवितों. चार्ल्स डार्विन याला १८३९ सालीं मुलगा झाला. त्या मुलाचें हंसणें, रडणें, घाबरणें त्यानें दिवसवार टिपून ठेवलें आणि १८७७ सालीं त्या टिपणांवरून एक निबंध प्रसिद्ध केला. आजोबांनीं अशीच एक वही घालावी. डाव्या बाजूस तारीख, उजव्या बाजूस मुलानें आज नवीन काय केलें तें. महिन्यांतून एकदां वजन, लांबी व डोक्याचा घेर लिहावा. दुसऱ्या मुलासाठीं त्या वहींत रकाना ठेवूं नये. त्याची वही निराळी असावी. डॉक्टरांकडे जातांना ही वही बरोबर न्यावी. दहा जणांच्या आठवणींपेक्षां ती अधिक उपयोगी पडेल. आणि लिहिण्यापूर्वीं रोज सुनेला विचारावें, "आज बाळानें काय केलें?" मुलाला सर्वांत जवळून तीच पाहते. तिला ठपक्याऐवजीं प्रश्न विचारला, तर ती आपली शंकाहि मोकळेपणीं सांगेल, आणि ती शंका वेळेवर ऐकली जाईल.

दुसऱ्या वर्षांतील बोलण्याविषयीं पुढील अंकीं लिहूं.